काचेने दिलेली ओ

सन २०११, मार्गशीर्ष महिना, हेमंत ऋतू. “बटण चांगलं आहे, तर मग ऐकत का नाही?” असे हळबे गुरुजींनी विचारले, तेव्हा मिहिर पाध्ये याने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिले. बटणात दोष नाही.

गुरुजी निवृत्तीनंतर सांगलीस आपल्या घरी मोजक्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहिण्यास शिकवीत. मिहिर त्यांतील सर्वांत हुशार. ही गोष्ट तो कोणास विसरू देत नसे. एका धर्मादाय रक्तपेढीचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता.

त्या रक्तपेढीच्या काउंटरवर बसणाऱ्या द्वारकाबाई सुतार त्या दिवशी स्वतः आल्या होत्या. पिशवीवर चुकीच्या रक्तगटाची चिठ्ठी छापली जाऊ लागली, की पडद्यावरील ‘थांबवा’ हे बटण माऊसने दाबायचे. त्या दाबीत, छपाई चालूच राही. विश्वस्तांनी त्यांना निष्काळजी ठरविले होते. शुक्रवारच्या बैठकीत त्यांना काउंटरवरून दूर करण्याचा ठराव यायचा होता.

“द्वारकाबाई, दाबल्यावर काय होतं?” गुरुजींनी विचारले.

“काही होत नाही,” मिहिर म्हणाला. “त्या नीट दाबत नाहीत.”

“द्वारकाबाई, त्याआधी पडद्यावर काय दिसतं?”

“‘कृपया थांबा’ अशी सूचना येते आणि जाते,” मिहिर म्हणाला.

सूचनेसाठी त्याने प्रोग्रॅमच्या संपूर्ण खिडकीवर काचेसारखा एक पारदर्शक थर अंथरला होता. सूचना गेली, तरी थर तिथेच राही. रंगहीन, म्हणून कोणास दिसत नसे. आपल्या यंत्रावर बटण उत्तम चालते, असे त्याने पुन्हा बजावले. खोदून विचारल्यावर कळले, की तो बटणे कीबोर्डवरून दाबतो. माऊसला हात लावणे त्यास कमीपणाचे वाटे.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला... पुन्हा घातला.

“द्वारकाबाई, चहा घेणार?”

“त्या घेत नाहीत,” मिहिर म्हणाला.

“घेते की,” द्वारकाबाई म्हणाल्या. “सकाळपासून घेतलेला नाही.”

“मी हाक कोणाला मारली होती, मिहिर?”

“...त्यांना.”

“ओ कोणी दिली?”

मिहिर गुरुजींच्या संगणकाकडे वळला. तिथे आल्यापासून प्रथमच त्याने माऊस हाती घेतला. ‘थांबवा’वर नेऊन दाबला. काही झाले नाही. पुन्हा दाबला.

“काच ओ देते आहे,” तो हळूच म्हणाला. “सगळ्यांत वर तीच आहे. क्लिक तिच्याकडेच येते, आणि ती पुढे पाठवीत नाही.”

द्वारकाबाई म्हणाल्या, की गेले दोन महिने त्या हेच सांगत आहेत. फक्त त्यांना काच म्हणता आले नाही.

दुरुस्ती तासाभरात झाली. सूचना नसताना थराने कोणतीही क्लिक घ्यायची नाही, असे त्याने लिहिले. प्रकरण मात्र तेवढ्याने मिटले नाही. विश्वस्तांना द्यावयाचे पत्र त्याने गुरुजींना दाखविले. त्यात एकच वाक्य होते: ‘प्रणालीत आढळलेली तांत्रिक त्रुटी दूर करण्यात आली आहे.’

गुरुजींनी ते दोनदा वाचले.

“कोणी केली?”

“कर्मणी प्रयोग आहे, गुरुजी. कार्यालयीन पत्रात कर्ता लिहीत नाहीत.”

“वाक्य निर्दोष आहे... म्हणून तर द्वारकाबाई अजून दोषी आहेत.”

मिहिर रागाने उठला. दोन दिवस तो फिरकला नाही.

प्रकरण कायमचे मिटले ते शुक्रवार, दि. ९ डिसेंबर रोजी. त्या सकाळी तो नवे पत्र घेऊन आला. द्वारकाबाई बैठकीस निघण्यापूर्वी तिथेच येऊन बसल्या होत्या. पत्रात लिहिले होते: ‘चूक मी केली. बाईंनी बटण प्रत्येक वेळी बरोबरच दाबले होते.’ खाली सही होती.

द्वारकाबाईंनी ते वाचून घडी घातली, आणि विचारले, “विश्वस्तांपुढे हे तुम्ही स्वतः वाचाल, की मीच नेऊन देऊ?”

मिहिरने गुरुजींकडे पाहिले.

“माझ्याकडे काय बघतोस?” गुरुजी म्हणाले. “विचारलं तुला आहे.”