गप्प केलेलं यंत्र

डोंगराच्या कुशीत पंधरा उंबऱ्यांचं एक गाव होतं. गावातल्या सगळ्या गायींचा चारा एकाच कोठारात असे आणि त्या कोठाराला एक राखणदार होता. माणूस चोख, पण ताठ. लोखंडी नाल ठोकलेल्या वहाणा करकर वाजवत चालायचा. ‘मला माहीत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

आदल्या वर्षी एका गायीच्या पोटात चाऱ्यातून खिळा गेला. गाय चार दिवस कण्हली आणि गेली. म्हणून गावाने लोखंड हुडकणारं एक यंत्र आणून ठेवलं होतं. लांब दांडा, खाली ताटलीसारखी चकती. लोखंड जवळ आलं की ते ओरडे. त्याचा कान तिखट किंवा मंद करायला दांड्यावर एक बटण होतं. राखणदाराने ते यंत्र एकदाही हातात घेतलं नव्हतं.

एका सकाळी कुट्टीची, म्हणजे बारीक कापलेल्या चाऱ्याची, पोती शिवता शिवता त्याचा दाभण हरवला. कुणी हाक मारली म्हणून तो उठला, परत आला, तर दाभण जागेवर नाही. भोवती पंधरा पोती. गाय जिभेने ओढून खाते, निवडून खात नाही.

त्याने यंत्र काढलं. पहिल्या पोत्यावर धरलं, ते ओरडलं. पोतं उपसलं, काही नाही. दुसऱ्यावर धरलं, तरी ओरडलं. तिसऱ्यावरही. दाभण एक आणि ओरड सगळीकडे.

तोवर दारात माणसं जमली. गोठ्यांतून गायी हंबरत होत्या.

“काय चाललंय, दादा?”

“चारा तपासतोय,” तो म्हणाला. दाभणाचं नाव काढलं नाही.

“तुम्ही तपासताय, का यंत्र तुम्हाला तपासतंय?” एकाने म्हटलं आणि सगळे हसले.

राखणदाराचे कान तापले. त्याने बटण मागे फिरवलं. ओरड कमी झाली. आणखी फिरवलं, अगदी शेवटापर्यंत. यंत्र गप्प झालं. पंधराही पोत्यांवरून त्याने ते तसंच फिरवलं.

“चारा निर्मळ आहे. न्या,” तो म्हणाला.

माणसं एकेक पोतं घेऊन गेली. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी गेली. तिची एकच गाय होती, तीही गाभण.

कोठार रिकामं झालं. राखणदार उंबऱ्यावर बसला, पण बसवेना. त्याच्याजवळ जुना दाभण होता, आढ्याला खोचलेला. तो त्याने जमिनीवर ठेवला आणि यंत्र त्यावर धरलं.

यंत्र गप्प.

त्याने पुन्हा धरलं. दाभण डोळ्यांसमोर पडलेला, आणि यंत्र गप्पच.

तो उठला आणि पळत सुटला. “चारा घालू नका. घातला असेल तर ओढा मागे,” असं ओरडत तो दारोदार फिरला. म्हातारीचं घर गावाच्या पार टोकाला होतं. तो पोचला तेव्हा तिने बांबूची पाटी भरून गायीपुढे ठेवली होती. गायीने मान खाली घातलेली. त्याने पाटी हिसकून मागे ओढली.

“अरे, तुझ्या यंत्राने निर्मळ म्हणून सांगितलं ना?” म्हातारी म्हणाली.

“यंत्राने नाही, मावशी. मी सांगितलं. माझा दाभण हरवलाय. यंत्र ओरडत होतं, मीच त्याला गप्प केलं. मला ते चालवता येत नाही.”

म्हातारीने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि पाटी उचलून त्याच्या मागून निघाली.

पोती परत आली. राखणदाराने बटण पहिल्यासारखं केलं. यंत्र पुन्हा ओरडू लागलं. म्हातारीची नजर त्याच्या पायांकडे गेली.

“देवळात जाताना पायांतलं काढतोस ना?”

“काढतो.”

“मग इथेही काढ. पायाखाली पावशेर लोखंड, आणि हा लोखंड शोधतोय.”

या वेळी कुणी हसलं नाही. त्याने वहाणा दूर ठेवल्या. यंत्र शांत झालं. पण तेवढ्यावर तो आता विश्वास ठेवणार नव्हता. आधी त्याने जुना दाभण कुट्टीत पुरला आणि वर यंत्र धरलं. ते ओरडलं. मग तो अनवाणी एकेका पोत्यापाशी गेला.

पंधरा पोती झाली. यंत्र गप्प.

लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. “मग दाभण गेला कुठे? कुणाच्या गायीने घेतला की काय?”

“पोत्यांत नाही, एवढं नक्की,” राखणदार म्हणाला. “अजून काय राहिलंय?”

म्हातारीने हातातली पाटी खाली ठेवली. “ही राहिलीय.”

चकती पाटीवर गेली आणि यंत्र ओरडलं. राखणदाराने वरची मूठभर कुट्टी बाजूला सारली. खाली दाभण होता, टोक वर करून.

घरी जाऊन म्हातारीने गायीच्या गळ्यात हात घातला.

त्या दिवसापासून राखणदार कोठारात अनवाणी जातो. रोज चारा वाटण्याआधी जुना दाभण कुट्टीत पुरून यंत्राची परीक्षा घेतो. बघायला कुणी असो वा नसो.

तात्पर्य: नको असलेला आवाज बंद केला म्हणजे धोका टळला असं नाही. आवाज का येतो ते आधी स्वतःपाशी शोधावं, आणि शांतता पारखून घेतल्याशिवाय तिच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव टांगू नये.