दौलूची हलगी आणि शेवटची फेरी

एका गावात एक भोळा हलगीवाला होता. नाव दौलू. भोळा हा शब्द त्याची आई वापरायची, गाव दुसरा वापरायचं. हात सोन्याचा, पण डोकं हलगीसारखंच. पुढून ताणलेलं, मागून मोकळं.

त्याची भाची वैजयंता पळण्यात वाघीण. जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धा लागल्या. पंधराशे मीटरला पहिली येईल तीच पुढे राज्याला जाणार होती, आणि ही पोरगी तीन वर्षं दुसरी येत होती. मामाची हलगी घुमली की माझे पाय उचलतात, असं तिने स्पर्धा भरवणाऱ्या इंगवले मास्तरांना सांगितलं. मास्तरांना प्रेक्षकांच्या करमणुकीला वाजवणारा हवाच होता. त्यांनी दौलूला गॅलरीत पहिल्या ओळीत बसवलं. चूक तिथेच झाली.

सकाळी शंभर मीटरची शर्यत. पोरं रेषेवर वाकली. दौलूला वाटलं, बिचाऱ्यांना हुरूप द्यावा. त्याने असा कडकडाट केला की पिस्तूल कोणाला ऐकूच गेलं नाही. निम्मी पोरं पळाली, निम्मी वाकलेलीच राहिली.

मास्तर म्हणाले, “अरे, समोरचा वाकला की हात आवरायचा. कळलं?”

“कळलं,” दौलू म्हणाला. न कळलेलं त्याच्या आयुष्यात काही नव्हतंच.

शर्यत पुन्हा घेतली, मग बक्षीस समारंभ. जिंकलेला पोरगा चौथऱ्यावर चढला. दौलू झकास वाजवत होता. पाहुण्यांनी पदक पुढे धरलं, पोरगा वाकला. दौलूने हात आवरला. घरात सुतक असावं तसं मैदान गप्प झालं. पोराच्या आईचा चेहरा पडला.

“गळ्यात काही पडलं की जोरात वाजवायचं, गाढवा,” मास्तर म्हणाले.

दुपारी एका वारलेल्या क्रीडाशिक्षकांना श्रद्धांजली होती. सगळे उठून उभे राहिले. पाहुण्यांनी फोटोच्या गळ्यात हार घातला. दौलूने वरातीचा ठेका धरला. मागे दोन पोरं होती, ती नाचत पळापळ करायला लागली. मयताच्या भावाने पायातली चप्पल काढली.

मास्तरांनी आता हात जोडले. “बाबा, सगळं मैदान उभं राहिलं की हलगी खाली ठेव. मान खाली घाल. दोन मिनिटं शांत. आणि कोणी पळत असेल तर त्यालाही धरून उभं कर.”

दौलूने ते तीनदा घोकलं.

शेवटी पंधराशे मीटर आली. शेवटच्या फेरीची घंटा झाली. दौलूने हलगी घुमवली. तिसऱ्या नंबरावरची वैजयंता दुसरी आली, मग पहिली. सरळ रस्त्याला लागली तेव्हा मागची पोरगी दहा पावलं मागे होती. पळायचं अंतर वीस पावलं उरलं. सगळं मैदान उठून उभं राहिलं.

दौलूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एकही माणूस बसलेला नव्हता. त्याने हलगी खाली ठेवली. मान खाली घातली. तिरक्या नजरेने पाहतो तो काय, सख्खी भाची पळते आहे. त्याला घराण्याची लाज वाटली. तो कठडा ओलांडून धावला आणि त्याने तिचा दंड धरला.

“मामा, सोडा की.”

“गप. सगळं मैदान उभं आहे. मान खाली घाल.”

बाकीच्या पोरी एकेक करून पुढे गेल्या. वैजयंता हिसके देत होती, पण हलगीवाल्याचा हात तो. दोन मिनिटं पुरी झाल्यावर दौलूने तिचा दंड सोडला आणि म्हणाला, “हं, आता पळ.”