पेशीचा पीळ

“पण सर, यंत्र तिलाच का?”

केळुसकर सर चष्मा पुसत राहिले…

हेरंब त्यांचा थोरला शिष्य. नऊ वर्षं त्याने या प्रयोगशाळेत काढली होती. आफरीनला येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि निवृत्त होताना सर आपलं यंत्र तिच्या हाती सोपवणार होते! ऐकल्यापासून हेरंबचा नुसता जळफळाट चालला होता. कोणी तिचं नाव घेतलं तरी त्याला घास उतरत नसे.

हे यंत्र जिवंत पेशीवर पीळ दिलेला प्रकाश टाकी, एकदा उजवा, एकदा डावा. आतले रेणू कोणता जास्त पितात, त्यावरून त्या रेणूंचा स्वतःचा पीळ उजवा की डावा हे कळे.

“तिचा आलेख बघा,” हेरंब म्हणाला. “नुसता थरथरतोय. क्षणभर प्रकाश टाकते, बंद करते, सूक्ष्मदर्शकात डोकावते आणि वहीत लिहिते, ‘फिरताहेत’. पानभर तेच! हे काय संशोधन झालं?”

“आणि तुझा?”

त्याने आपला आलेख टेबलावर पसरला. रेघ अगदी स्वच्छ होती.

“प्रकाश दसपट केला, सर. तासभर बंदच केला नाही.”

“सुरेख.”

नऊ वर्षांत हा शब्द सरांच्या तोंडून दुसऱ्यांदा निघाला होता. हेरंबला वाटलं, आत्ता इथे आफरीन हवी होती. तिचं तोंड बघितलं असतं.

“काचपट्टी आहे अजून?”

“आहे ना. काढलीच नाही.”

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ… मग उठून स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

हेरंब वाकला. पाणवनस्पतीचं पान होतं. त्याच्या जिवंत पेशीत हिरवे कण कडेकडेने फिरत असतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. इथे ते एका कोपऱ्यात गोळा होऊन पडले होते. एकही हलत नव्हता.

त्याचे कान तापले. तासभरात त्याने आत एकदाही पाहिलं नव्हतं. पण हार मानेल तर तो हेरंब कसला!

“आलेखातला पीळ तर तसाच आहे ना, सर? जराही ढळला नाही!”

“पीळ मला दिसतोच आहे, हेरंब,” सर म्हणाले. “जिवंत काय राहिलं, ते सांग.”