सपोज्ड नवरदेव

पिंपळढव गावात भिवसन नावाचा एक भोळा गडी राहायचा. चौतिशी उलटली तेव्हा कुठं त्याचं लग्न जमलं. हे मोडलं तर पोरगा जन्मभर बिनलग्नाचा राहील, या धास्तीनं आई रोज देवाला नवस बोलत होती. त्यात सासऱ्याला इंग्रजीची भारी हौस.

आईनं भिवसनला इंग्रजी शिकायला भावकीतल्या गुरुजींकडे धाडलं. गुरुजी तरणे, सडेफटिंग आणि हुशार.

"एकच शब्द शीक," ते म्हणाले. "सपोज्ड. लोक म्हणतात, पण आपली खात्री नाही, अशा गोष्टीच्या आधी लावायचा."

भिवसन सासुरवाडीला गेला. सासूनं शिरा पुढं केला. "घ्या, साजूक तुपातला आहे."

"सपोज्ड साजूक," भिवसन म्हणाला.

सासऱ्यानं बायकोला अर्थ सांगितला. सासू ताट उचलून आत गेली ती गेलीच.

हे ऐकून गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे खुळ्या, आधी चाखून खात्री करावी, मग बोलावं!"

भिवसनला पटलं. हळदीच्या दिवशी बायकांनी वाटी आणली. "ही घरची हळद. तुला लावून उरेल ती नवरीकडं जाणार."

भिवसननं चाखली. खात्री होईना. पुन्हा चाखली. खात्री झाली तेव्हा नवरीकडं पाठवायला नुसती वाटी उरली होती.

"चाखतोस काय, गाढवा!" गुरुजी ओरडले. "दोन शहाण्या माणसांना विचारावं. दोघंही हो म्हणाले की खरं धरावं."

लग्नाला अख्खं गाव लोटलं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. समोर नवरी कौसल्या हार घेऊन उभी.

भटजी म्हणाले, "नवरदेव, हार घाला."

"नवरदेव कोण?"

"तुम्हीच की!"

"हे तुम्ही एकटेच म्हणताय. दोघं म्हणेपर्यंत मी सपोज्ड नवरदेव." भिवसननं आपला हार शेजारी उभ्या गुरुजींच्या हातात दिला. "धरा जरा. दोन शहाणी माणसं आणतो."

मांडवात त्याला शहाणं कुणी दिसेना, म्हणून तो वेशीपर्यंत गेला.

इकडं मुहूर्त टळत चालला. सासरा घामाघूम. कौसल्येनं समोर पाहिलं. हार घेऊन उभा असलेला माणूस आता एकच होता.

"गुरुजी, तुमची काही हरकत?" तिनं विचारलं.

गुरुजींनी लाजत मान पुढं केली. कौसल्येनं हार घालून टाकला.

भिवसन दोघा शहाण्यांना ओढत परतला तेव्हा वाजंत्री वाजत होती आणि आई डोकं धरून बसली होती. त्यानं नवरीकडं पाहिलं, गुरुजींच्या गळ्यातल्या हाराकडं पाहिलं आणि हुश्श केलं.

"बघ आई, विचारायला गेलो म्हणून वाचलो. नाहीतर आज गुरुजींच्या बायकोलाच हार घालून बसलो असतो!"