दंडावरचं नाणं

"तीनशे वर्षांनी का होईना, समुद्र चांदी परत देतो. मग माझा युसुफ का देत नाही, बाबा?"

विचारणारे इब्राहिम परकार. बुडालेल्या स्पॅनिश जहाजांतली चांदीची नाणी जमवायचा त्यांना भारी नाद. गेल्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा जहाजासकट बुडाला, प्रेतही हाती लागलं नाही. तेव्हापासून ते खाडीवरच्या गुलाबशा फकिराकडे येत. पण नाण्यांची पेटी काखोटीला असायचीच. दुःखातसुद्धा ऐट सुटत नाही बघा माणसाची!

फकिरानं पेटीकडे बोट केलं.

इब्राहिमभाई खुलले. "हे मेक्सिकोच्या टांकसाळीतलं. हे पेरूकडचं. राजाचं नाव पुसलंय, पण मी नुसत्या कडेवरून ओळखतो."

"आणि हे? फार चकाकतंय."

"मीच चकाकवलं! आलं तेव्हा काळंठिक्कर होतं. वर गाठ मारलेली चिंधी चिकटलेली. तेजाबात टाकलं, सगळं निघून गेलं."

"गाठ कोणी मारली होती?"

"ते आता कोण सांगणार..."

फकिरानं आपल्या हिरव्या रुमालाची कड टरकन फाडली. ते नाणं तीत गुंडाळलं आणि इब्राहिमभाईंच्या दंडावर बांधलं. प्रवासाला निघालेल्या पोराच्या दंडावर आई बांधते ना, तसं. पोरगा सुखरूप पोचला की ते नाणं गरिबाला द्यायचं, अशी रीत.

इब्राहिमभाईंनी दुसऱ्या हातानं ती गाठ चाचपून पाहिली.

"युसुफच्या दंडावर बांधलं होतं?"

"हो... जैतुननं. त्याच्या आईनं."

"कुठलं नाणं होतं?"

इब्राहिमभाई पेटीतली नाणी उगाच खालीवर करायला लागले.

"कुठलं, इब्राहिम?"

"मी पेटी उघडून बसलो होतो, बाबा. 'येतो अब्बा' म्हणाला पोरगा. मी 'हं' म्हटलं... मान वर केली नाही." आणि तो एवढा मोठा माणूस ढसाढसा रडायला लागला. "मला माहीत नाही. या अल्ला, मला माहीतच नाही!"

फकिरानं त्यांना रडू दिलं. त्याचेही डोळे भरून आले होते.

"जैतुनला माहीत असेल," तो म्हणाला.

"तिच्याशी बोलणंच होत नाही. ती स्वयंपाकघरात बसून असते, मी माझ्या खोलीत..."

फकिरानं पेटीचं झाकण लावलं आणि ती आपल्या मागे सरकवली.

"घरी जा. तिला विचार... आणि तिनं सांगितलं की लगेच उठू नकोस."