खालून आलेला हिसका

"आणि गावाकडून निरोपाची पोच येते का रे?" शंभुगिरी महाराजांनी विचारलं.

उन्मेष हसला. लहानपणी महाराजांच्या याच मठात वाढलेला, आता संगणकांची जाळी विणणारा बडा इंजिनिअर. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा धाडणारी यंत्रणा त्यानं उभारली होती. उद्या ती सुरू व्हायची, म्हणून आशीर्वादाला आला होता.

"पोच काढूनच टाकली, महाराज. दोन यंत्रं आधी एकमेकांना विचारत बसतात. 'ऐकतोस का?' 'ऐकतो, तू ऐकतोस का?' 'ऐकतो.' मग कुठे निरोप निघणार! पुराच्या वेळी हे लाड कशाला? आपण धाडायचं नि मोकळं व्हायचं."

"मोकळं व्हायचं..." महाराज पुटपुटले आणि कमरेला दोर बांधू लागले.

मठाच्या विहिरीतला गाळ काढायचा होता. पायऱ्या कमानीपर्यंतच, त्याखाली दोराचाच आधार. आत आवाज नुसता घुमतो, शब्द कळत नाही. म्हणून मठाची रीत अशी, की खालून एक हिसका, वरून एक, पुन्हा खालून एक. मगच कमानीवरची पायरी सोडून गाळात उतरायचं.

महाराज पायऱ्या उतरून दिसेनासे झाले, उन्मेषनं वर दोर धरला. तेवढ्यात फोन वाजला, आणि स्वारी लागली की बोलायला! दोराला हिसका बसला.

"आहे मी, आहे!" तो तोंडानंच म्हणाला.

पुन्हा हिसका.

"अहो, आहे ना!"

मग हिसका आलाच नाही...

फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्यानं दोर ओढला, तर हलका लागला. वर आलं ते रिकामं टोक.

तो आत वाकून ओरडला, "महाराज!" विहिरीतून त्याचाच आवाज परत आला. गेले! दोर आपल्या हातात असताना महाराज गेले!

"कुणाला हाका मारतोस?"

मागं पायऱ्यांवरून महाराज वर येत होते, अंगाला गाळाचा ठिपकाही नाही; वरून हिसका आला नाही म्हणून कमानीशीच दोर सोडून परतले होते. उन्मेषनं त्यांचे पाय घट्ट धरले. त्याला हुंदका आवरेना.

"मी होतो, महाराज! देवाशप्पथ, इथंच होतो मी!"

"ते मला खाली कसं कळावं?"

महाराजांनी दोराचं टोक त्याच्या कमरेला बांधलं. गाठ आवळली. विहिरीकडे बोट केलं.

उन्मेषनं आत डोकावून पाहिलं. नुसता काळोख...

"महाराज, वरून हिसका द्याल ना?"

"हे लाड कशाला, लेका? उतर."