विश्रामची पानं

“...आणि समजा जिंकलात, तर?”

“तर जिंकलो.”

“पण हातात काय आलं, चाचा?”

सारंगचाचांनी हातातली पानं खाली ठेवली. मग समोरच्या ढिगातली एक शिंपली उचलून उन्मेषच्या तळहातावर ठेवली. तिसऱ्यांची साधी पांढरी शिंपली. तसल्या खाडीच्या काठाला पायाखाली कितीतरी चुरडल्या जातात.

“ही,” ते म्हणाले.

उन्मेष हसला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता; त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. चाचा मात्र हसले नाहीत.

अब्दुलगफूर सोलकर हे त्यांचं नाव, पण खाडीच्या दोन्ही तीरांवर त्यांना सारंगचाचाच म्हणत. एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, शेवटची बारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून. जहाजावरून माणसं रेडिओ आणायची, घड्याळं आणायची. चाचांनी एक खेळ आणला. पाच पानांचा पोकर. कुठल्याशा बंदरात जहाज अठरा दिवस अडकून पडलं होतं, तेव्हा जहाजावरच्या एका ग्रीक आचाऱ्याने शिकवलेला.

गावी आल्यावर त्यांनी तो दोघांना शिकवला. लाँच चालवणारा तांडेल विश्राम पालशेतकर आणि पोस्टमास्तर पेठे. लाँच सुटायची ती शेड, एक डुगडुगतं टेबल आणि शिंपल्या. पांढरी तिसरी म्हणजे एक, काळी शिणाणी म्हणजे पाच. संध्याकाळी सगळ्या शिंपल्या परत एका पत्र्याच्या डब्यात. कोण कितीने जिंकलं, ते दुसऱ्या दिवशी कुणाला आठवायचं नाही.

चौथा शिकला तो उन्मेष शिगवण.

त्याचे वडील त्याच शेडमध्ये तिकिटं फाडायचे. बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता, आणि त्या मोकळ्या मे महिन्यात चाचांनी त्याला समोर बसवलं. पहिले चार दिवस पानं हातात दिलीच नाहीत. नुसतं बघायला लावलं. विश्रामकाका थाप मारताना गुणगुणतात, पेठेकाका चांगली पानं आली की चष्मा पुसतात... उन्मेषने आठ दिवसांत दोघांना वाचून काढलं. महिन्याभरात तो त्यांना हरवू लागला.

“पोराचा हात चालतो,” चाचा म्हणाले होते. खिडकीतून वडिलांनी विचारलं होतं, “कोण हरतंय?” आणि तिघं म्हातारे एका सुरात ओरडले होते, “आम्ही!”

तेव्हा ते म्हातारे नव्हते खरं तर. उन्मेषला तसे वाटायचे इतकंच.

पुढे तो पुण्याला गेला, इंजिनियर झाला, आणि ते सोडून पानंच खेळत राहिला. गोव्याला, मग परदेशात. नाव झालं. पेपरात एकदा फोटो आला, काळा गॉगल लावलेला. तो फोटो पेठेकाकांनी कापून शेडच्या खांबाला चिकटवला होता. त्याला आता बुरशी आली होती.

अकरा वर्षांनी तो परत आला होता, आणि त्याला कारण होतं.

गेल्या महिन्यात तो एक मोठी स्पर्धा जिंकला. शेवटचं पान उलटलं, लोक उठून टाळ्या वाजवू लागले, आणि उन्मेषच्या मनात आलं की या खोलीतला एसी फार गार आहे. बस्स. दुसरं काही आलं नाही. आत काही हललंच नाही. हरतानाही हल्ली तसंच व्हायचं. हॉटेलच्या खोलीत आल्यावर त्याला एकाएकी डिझेलचा वास आठवला, लाँचचा भोंगा आठवला, तिकिटाच्या खिडकीतला वडिलांचा चेहरा आठवला, आणि तो पलंगाच्या कडेला कितीतरी वेळ बसून राहिला.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती; तेव्हाही तो आला नव्हता. लाँचही बंद पडली होती. आता फेरीबोट होती, तिच्यातून गाड्या जायच्या. तोही गाडीसकट तिच्यातूनच आला.

शेड मात्र होती. तिकिटाच्या खिडकीला फळ्या मारलेल्या. आत तेच टेबल, आणि तेच तिघं.

दुपारचे चार वाजले होते. भरती येत होती.

“चाचा, मी आता तुमच्यापेक्षा चांगला खेळतो,” उन्मेष म्हणाला.

“चांगलं झालं. बस.”

“खरंच सांगतो.”

“मी कुठे नाही म्हटलं? बस ना.”

तो बसला. तेव्हा कुठे त्याने विश्रामकाकांकडे नीट पाहिलं. काका हसत होते, पण त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघून.

“काचबिंदू,” पेठेकाका हळूच म्हणाले. “तीन वर्षं झाली. काही दिसत नाही त्याला.”

“मग ते...?”

“खेळतो की. त्याची पानं मी सांगतो.”

चाचांनी पानं पिसली, वाटली. पेठेकाकांनी विश्रामची पानं उचलली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटले. विश्रामने मान डोलावली, दोन बोटं वर केली. दोन पानं बदलून आली. पुन्हा पुटपुटणं. मग विश्रामने चाचपून दोन शिंपल्या पुढे सरकवल्या आणि गुणगुणायला लागला.

थाप आहे, उन्मेषने मनात म्हटलं, आणि तो डाव घेतला.

पुढचाही घेतला. आणि त्याच्या पुढचा.

चाचा सावध खेळत होते, तरी त्यांच्या अंगठ्याची हालचाल त्याला सगळं सांगत होती. पेठेकाका तर वेड्यासारखे खेळत होते. काही नसताना शिंपल्या लावत होते, असताना टाकून देत होते, आणि शेवटी आपली पानं उलटताना स्वतःच “अरेच्चा!” म्हणत होते. वय झालं, उन्मेषला वाटलं.

अर्ध्या तासात टेबलावरच्या सगळ्या शिंपल्या त्याच्यासमोर होत्या.

“वा!” पेठेकाका म्हणाले.

“वा रे वा!” विश्राम म्हणाला.

बाहेर फेरीबोटीचा भोंगा वाजला. शिंपल्यांच्या ढिगाकडे बघताना उन्मेषला पुन्हा त्या गार खोलीतल्यासारखं झालं. इथेही तेच...

चाचांनी हात लांब करून ढीग ओढला, चार सारखे वाटे केले, आणि पुन्हा पानं पिसायला घेतली.

“आता कशाला?” उन्मेष एकदम म्हणाला. आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. “ह्याला काय खेळ म्हणायचं, चाचा? पेठेकाकांना विश्रामकाकांची सगळी पानं ठाऊक आहेत! एकाची पानं दुसऱ्याला ठाऊक असतील तर पोकर उरतोच कुठे? तुम्हीच मला शिकवलंत ना, आपली पानं बापालाही दाखवायची नाहीत म्हणून!”

चाचांचे हात थांबले.

“तो खरं बोलतोय,” विश्राम म्हणाला. त्याचा चेहरा अजून हसराच होता, पण आवाज खाली गेला होता. “माझ्यापायी तुमचा खेळ नासतो, गफूर. मी कधीचा सांगतोय, मला सोडा आता.”

तो बाकाला टेकवलेली काठी चाचपू लागला. काठी त्याच्या हाताला लागेना. बोटं हवेत फिरत राहिली. या माणसाने काळोख्या धुक्यातून तीस वर्षं लाँच धक्क्याला लावली होती, एकदाही न आपटता. उन्मेषला ती बोटं बघवेनात.

“काका, मी तसं...”

“उठ,” चाचा म्हणाले.

उन्मेषला वाटलं, आपल्याला हाकलतायत. तो उठला.

“पेठे, तूही उठ. इकडे ये. आणि उन्मेष, तू विश्रामच्या बाजूला बस.”

जागा बदलल्या. विश्राम काठी शोधायचा थांबला होता, पण नीट बसलाही नव्हता. चाचांनी पानं वाटली. पाच, पाच, पाच, पाच.

“सांग त्याला.”

उन्मेषने विश्रामची पानं उचलली. त्याच्या कानाशी वाकला. तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा वास आला, लाँचच्या केबिनमध्ये यायचा तोच. अकरा वर्षांत कुणाच्या इतक्या जवळ तोंड नेऊन तो काही बोलला नव्हता.

“चौकट राजा,” तो कुजबुजला. “इस्पिक राजा. बदाम गुलाम, किलवर अठ्ठी, चौकट तिर्री.”

“राजे ठेव,” विश्राम त्याहून हळू म्हणाला. “बाकी दे त्याला.”

तीन नवी पानं आली.

“किलवर राजा,” उन्मेष म्हणाला. “बाकी दोन फालतू.”

विश्रामच्या भुवया जराशा वर गेल्या. तो बाकावर नीट टेकून बसला.

मग उन्मेषने स्वतःच्या पानांकडे हात नेला. तेवढ्यात टेबलावरून पेठेकाकांचा हात आला आणि त्याच्या हातावर पडला. हलकाच, सुरकुतलेला.

“अंहं.”

“काय?”

“त्याची बघितलीस ना?”

“हो.”

“मग तुझी नाही बघायची.”

उन्मेषने पेठेकाकांकडे पाहिलं. समोरच्याची पापणी हलली तरी ओळखणारा तो. अर्धा तास या माणसासमोर बसला होता, आणि त्याने आपली पानं एकदाही उचलली नाहीत हे त्याला दिसलं नव्हतं.

“म्हणजे... ब्लाइंड?”

“ब्लाइंड मी,” विश्राम म्हणाला. “पेठे नुसता आगाऊ.”

तिघंही हसले. उन्मेषला हसू आलं नाही. त्याने हात मागे घेतला.

“बदलायची असली तर बदल,” चाचा म्हणाले.

“न बघता काय बदलणार?”

“मी नेहमी दोन बदलतो,” पेठेकाका म्हणाले.

“का?”

“असंच. गंमत.”

उन्मेषने वरची दोन पानं पालथीच सरकवली. दोन नवी पालथीच आली. पाच निळ्या पाठी. इतकी वर्षं तो पानं हातात आली की कुठलं येणार, कितपत शक्यता, हे आपोआप मोजत आला होता. आता मोजायला काही नव्हतं.

विश्रामने पाच पांढऱ्या लावल्या. गुणगुणला नाही.

चाचांनी पानं टाकली. पेठेकाकांनी आपली पानं मागेपुढे लावून पाहिली आणि टाकली.

“काय रे शिगवण?” विश्रामने त्याच्या दिशेला तोंड फिरवलं. “पळतोस?”

समोर तीन राजे होते. ते त्यानेच आपल्या तोंडाने सांगितले होते. शहाण्या माणसाने पानं टाकायला हवी होती. उन्मेषने पाच पांढऱ्या सरकवल्या आणि “वर एक काळी,” असं म्हणून तीही ठेवली.

“ओहो!” विश्राम म्हणाला. “ही घे माझीही काळी. दाखव.”

“मोठ्याने सांग हां,” पेठेकाका म्हणाले. “एकेक. त्याला ऐकू दे.”

उन्मेषने पहिलं पान उलटलं. “सत्ती.”

“हं.”

“दश्शी.”

“अरेरे,” विश्राम आनंदाने म्हणाला.

“सत्ती!”

चाचा पुढे झुकले. विश्रामने टेबलाची कड धरली.

“चौथं... थांबा...” उन्मेषने पान अंगठ्याने हळूहळू वर केलं. “सत्ती! काका, तिसरी सत्ती!”

“अजून माझेच राजे मोठे!”

“पण सत्ती आली किंवा दश्शी आली तर मेले राजे!”

“आण! आण बघू!”

शेवटच्या पानावर उन्मेषचा हात होता. त्याच्या कानात ठोके पडत होते. सतरा वर्षांचा असताना पडायचे तसे. ये, तो मनात म्हणत होता, ये ना... कुणाला म्हणत होता ते त्याला ठाऊक नव्हतं. खिडकीच्या फळ्यांतून उतरतं ऊन टेबलावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. आता पलीकडून कुणीतरी विचारील, कोण हरतंय, असं त्याला उगाचच वाटून गेलं.

त्याने पान उलटलं.

“काय आलं?” विश्रामने त्याचा दंड पकडून हलवला. “अरे सांग की! जीव जातोय माझा!”

“नव्वी!” उन्मेष ओरडला. “बदाम नव्वी! मेलो!”

आणि त्याने टेबलावर असा हात आपटला की शिंपल्या उडाल्या. तो हसत सुटला. विश्राम दोन्ही हात वर करून “राजे! राजे!” करत होता, पेठेकाका खाली वाकून शिंपल्या गोळा करत होते, आणि उन्मेष हसत होता, थांबत होता, पुन्हा हसत होता. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने बाहीला पुसलं. विश्रामला ते दिसलं नाही. बाकीच्या दोघांना दिसलं, पण ते शिंपल्या गोळा करत राहिले.

हळूहळू तो शांत झाला.

चाचांनी पानं एकत्र केली होती, पिसत होते. संथ. जहाजावर वेळच वेळ असलेल्या माणसासारखे.

“चाचा,” उन्मेष म्हणाला. “मी तुम्हाला एक विचारायला आलो होतो... ते मला आता कळलं. म्हणजे असं आहे, की आपण जेव्हा...”

चाचांनी हात वर केला. उन्मेष थांबला. चार ठिकाणी पाच-पाच पानं पडली.

“कळलं ते तुझ्यापाशी ठेव,” ते म्हणाले. “विश्रामला त्याची पानं सांग.”